कांदा चिरणारा कामगार, चेंडू नेणारा विद्यार्थी

२०११ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका विद्यापीठात दाखल झालो आणि तिसऱ्याच आठवड्यात तिथल्या भोजनगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागलो. एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आणि आठवड्याला २० तासच काम करता येतं. आमच्यातलं कुणी ग्रंथालयात पुस्तकं लावायचं, कुणी ताटं विसळायचं. माझ्या वाट्याला भाजी चिरणं आलं. ऑक्टोबरात एकदा कांद्याच्या ढिगापाशी सुरी निसटली आणि डाव्या हाताची तर्जनी खोल कापली गेली. तीन टाके पडले. टाक्यांपेक्षा मला बिलाची धास्ती जास्त होती. इथल्या दवाखान्यांच्या बिलांच्या कहाण्या विमानात बसायच्या आधीपासून कानावर होत्या. पण स्वयंपाकघराच्या सुपरवायझर बाईंनी माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. म्हणाल्या, ‘कामावर लागलंय ना? मग हे कामगार भरपाईत जातं. तुला काही भरायचं नाही.’ चूक माझीच आहे, मी गप्पा मारत चिरत होतो, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्या कायद्यात चूक कुणाची हे विचारतच नाहीत.

पुढच्या वर्षी, २७ ऑक्टोबर २०१२ च्या शनिवारी, आम्ही चौघं मराठी मुलं खोलीत बसून टीव्हीवर कॉलेज फुटबॉलचा सामना बघत होतो. फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू हातात घेऊन धावायचा. साउथ कॅरोलिना विरुद्ध टेनेसी. खेळ आम्हाला जेमतेम कळायला लागला होता. साउथ कॅरोलिनाचा रनिंग बॅक मार्कस लॅटिमोर चेंडू घेऊन धावला, त्याला पकडलं गेलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून अशा दिशेला वळला ज्या दिशेला माणसाचा पाय वळत नाही. ८०,००० माणसांचं स्टेडियम गप्प झालं. टेनेसीचे खेळाडूसुद्धा मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. आमच्यातल्या एकाने टीव्हीचा आवाज बंद केला.

दोन दिवसांनी तो २१ वर्षांचा झाला.

मी कांदे चिरत होतो म्हणून माझ्या बोटाची जबाबदारी विद्यापीठाच्या विम्यावर होती. लॅटिमोर ज्या कामासाठी विद्यापीठात आणला गेला होता त्या कामात त्याचा गुडघा गेला, आणि कायद्याच्या लेखी तो कामगार नव्हता. हा फरक त्या दिवशी मला सुचलाही नव्हता. गेल्या काही वर्षांत कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरून अमेरिकेत एवढा गदारोळ झाला, न्यायालयं झाली, करार झाले, आणि तरीही हा फरक जसाच्या तसा आहे. तो अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तो दूर करणं लोक सांगतात तितकं अवघड नाही.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकाने कबड्डीतला चढाईपटू डोळ्यापुढे आणावा. चढाईपटू निसटून परत येतो. रनिंग बॅकला परत यायचं नसतं, पुढे घुसायचं असतं, आणि बहुतेक वेळा तो पकडला जाणारच हे गृहीत असतं. पकडला जाण्याआधी तो किती यार्ड सरकला, एवढंच मोजलं जातं. समोर ११ जण, त्यातले काही १३०-१४० किलोचे. चार प्रयत्नांत १० यार्ड काढायचे, तर त्यातला एक-दोन वेळा चेंडू त्याच्या पोटाशी ठेवायचा आणि त्याला त्या गर्दीत पाठवायचं. मैदानावर बाकी कुणाच्या अंगावर इतकी माणसं इतक्या वेळा पडत नाहीत. म्हणून या जागेवरचा खेळाडू सगळ्यात लवकर उमलतो आणि सगळ्यात लवकर संपतो. चेंडू फेकणारे क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंत खेळलेले आहेत; रनिंग बॅक तिशीला पोचला की त्याला म्हातारा म्हणतात.

लॅटिमोर साउथ कॅरोलिनातल्या डंकन नावाच्या छोट्या गावचा. २०१० मध्ये राज्यातल्याच विद्यापीठात आला आणि पहिल्याच वर्षी २४९ वेळा चेंडू घेऊन १,१९७ यार्ड धावला, धावून १७ टचडाउन केले, म्हणजे १७ वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. सप्टेंबरात जॉर्जियाविरुद्ध त्याला ३७ वेळा चेंडू दिला गेला. नोव्हेंबरात फ्लोरिडाविरुद्ध ४० वेळा. या ४० चा अर्थ नीट समजून घ्यावा: एका संध्याकाळी तीन-साडेतीन तासांत ४० टकरा, वय १९. त्या दिवशी तो २१२ यार्ड धावला, त्याच्या संघाने एसईसी या बलाढ्य लीगचा पूर्व विभाग पहिल्यांदाच जिंकला. त्या विजयातून विद्यापीठाला मिळालेली प्रतिष्ठा, तिकिटं, देणग्या, टीव्हीवरची जागा यांत त्याचा वाटा होता तो शिष्यवृत्तीपुरता.

दुसऱ्या वर्षी, १५ ऑक्टोबर २०११ ला, मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया, अनेक महिन्यांची मेहनत, आणि २०१२ मध्ये तो पुन्हा उभा. मग उजवा. तीन हंगाम मिळून ५५५ वेळा चेंडू, २,६७७ यार्ड, धावून ३८ टचडाउन, दोन्ही गुडघे.

व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनएफएलचे, संघ दरवर्षी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतलं. दोन वर्षं त्याने पुन्हा धावायचा प्रयत्न केला आणि एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये, २३ व्या वर्षी, थांबला. यातली एक बाब मला फार बोचते. पहिल्या वर्षी संघाने त्याचं नाव ज्या यादीत टाकलं ती ‘फुटबॉलबाहेरच्या दुखापती’ची यादी होती. नियम साधा आहे: व्यावसायिक संघात येण्याआधी झालेली दुखापत संघाच्या कामातली नाही, म्हणून ती फुटबॉलबाहेरची. संघाच्या बाजूने पाहिलं तर त्यात चूक काहीच नाही. पण मग तो गुडघा कोणाच्या हिशेबात गेला? विद्यापीठ म्हणतं हा विद्यार्थी होता, कामगार नव्हे. संघ म्हणतो हे आमच्याकडे घडलं नाही. भरल्या स्टेडियममध्ये, टीव्हीवर, फुटबॉल खेळताना मोडलेला पाय कागदावर कुणाच्याच फुटबॉलमध्ये मोडला नव्हता.

लॅटिमोर कडवट झाला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याच विद्यापीठात परत येऊन त्याने काही काळ खेळाडूंना आधार देण्याचं काम केलं, पुढे ओरेगनला गेला, कविता लिहू लागला. पण एखाद्याने सोसलेलं नीट पचवलं म्हणून ते सोसायला लावणारी व्यवस्था माफ होत नाही.

कुणी म्हणेल, कॉलेजात धोका पत्करायचाच कशाला, थेट व्यावसायिक लीगमध्ये जावं. ते दार बंद आहे. शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये नाव घालता येत नाही. हे दार एका रनिंग बॅकनेच ठोठावलं होतं. ओहायोच्या यंग्सटाउनचा मॉरिस क्लॅरेट. २००२ च्या हंगामात, पहिल्याच वर्षी, १,२३७ यार्ड धावला आणि जानेवारी २००३ मध्ये मायामीविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या जादा डावात विजयाचा टचडाउन केला. पुढच्या वर्षी तो निलंबित झाला आणि न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाने फेब्रुवारी २००४ मध्ये त्याची बाजू घेतली. मे महिन्यात अपील न्यायालयाने निकाल फिरवला. तो लिहिणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या वाटाघाटींच्या कक्षेत हा नियम येतो, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे ज्या संघटनेचा क्लॅरेट सभासदच नव्हता, तिच्या कराराने त्याला बाहेर ठेवलं. पुढे तो भरकटला, तुरुंगात गेला, बाहेर आला, सावरला. त्या सगळ्याचं खापर या नियमावर फोडणं खोटं ठरेल. पण त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता.

आता रनिंग बॅकच्या आयुष्याचा हिशेब मांडा. १८ ते २१ ही तीन वर्षं कॉलेजात. त्यानंतर ड्राफ्ट झाला तर चार वर्षांचा नवशिक्याचा करार. २०११ पासून त्याची रक्कम ड्राफ्टच्या क्रमांकावर जवळजवळ ठरलेलीच असते आणि तीन हंगाम झाल्याशिवाय ती वाढवून मागता येत नाही. तोवर वय २५-२६. मोकळ्या बाजारात उभं राहायची वेळ येते तेव्हा संघमालक म्हणतात, याचे पाय झिजले, दुसरा तरुण बघू. २०१३ आणि २०१४ या दोन्ही ड्राफ्टांत पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही. सॅकॉन बार्कलीसारखा एखादा २०२४ मध्ये २,००५ यार्ड धावतो, संघाला सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकून देतो आणि वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर करार मिळवतो, हे खरं. एका बार्कलीच्या मागे किती जण वाटेतच पडतात, ते मात्र आपल्याला दिसत नाहीत, कारण ते टीव्हीवर येत नाहीत. बाकी जागांवरच्या खेळाडूला कॉलेजची वर्षं ही उमेदवारी असते, पुढे कमाईचा काळ असतो. रनिंग बॅकची उमेदवारी हाच बऱ्याचदा त्याच्या शरीराचा सर्वोत्तम काळ. बोईसी स्टेटचा ॲश्टन जेंटी २०२४ मध्ये एका हंगामात ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड धावला. बॅरी सँडर्सचा १९८८ चा विक्रम फक्त २७ यार्डांनी राहिला. जेंटी सहाव्या क्रमांकावर निवडला गेला, त्याचं भलं झालं. पण त्या ३७४ टकरा त्याच्या गुडघ्यांनी, खांद्यांनी, डोक्याने आधीच खर्ची घातल्या आहेत.

हा खेळाडू कामगार का नाही? माझी समजूत होती की ही काहीतरी जुनी, तत्त्वाची गोष्ट असेल, हौशी खेळाच्या पावित्र्याची. ती आहे विम्याच्या दाव्याची. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या अर्नेस्ट नेमेथ या जखमी खेळाडूला कामगार मानून भरपाई मंजूर केली. दोन वर्षांनी त्याच राज्यात फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन खेळताना लागून मरण पावला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली आणि १९५७ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असं कारण दिलं. याच काळात एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द घडवला आणि सगळीकडे तोच वापरायचा असा दंडक घातला. संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं की खेळाडूंना कामगार ठरवलं जाईल या भीतीपोटी हा शब्द आणला गेला. बायर्स १९५१ ते १९८८ त्या खुर्चीत होते, त्यांना माहीत नसणार तर कुणाला? भाषेत घडवलेला एक शब्द ७० वर्षं न्यायालयात ढाल म्हणून उभा आहे, आणि त्यामागे एका विधवेचा फेटाळलेला अर्ज आहे.

या ढालीवर सगळ्यात जोराने धडकलेला माणूसही रनिंग बॅकच होता. केंट वॉल्ड्रेप, टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी. २६ ऑक्टोबर १९७४, बर्मिंगहॅम शहर, समोर प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा अलाबामा संघ. चेंडू घेऊन कडेने धावताना वॉल्ड्रेप उलटा होऊन डोक्यावर पडला. मान मोडली, मानेखालचं शरीर लुळं पडलं. वय २०. विद्यापीठाने सुमारे नऊ महिने त्याच्या उपचारांचा खर्च केला आणि मग हात आखडता घेतला. पुढचं सगळं कुटुंबाने, देणगीदारांनी केलं. हा गृहस्थ गप्प बसला नाही. उपचारांसाठी सोव्हिएत संघापर्यंत गेला, पाठीच्या कण्याच्या इजांवर संशोधन व्हावं म्हणून संस्था काढली, अपंगांसाठीच्या राष्ट्रीय परिषदेवर काम केलं. १९९० च्या ज्या कायद्यामुळे आज अमेरिकेतल्या सार्वजनिक इमारतींना रॅम्प आणि रुंद दरवाजे दिसतात, त्याचा पाया घालणाऱ्यांत तो होता. आपले आईवडील चाकाच्या खुर्चीत बसून इथल्या विमानतळावर उतरतात तेव्हा वॉल्ड्रेपचे उपकार आपल्यावरही असतात.

मग त्याने टेक्ससमध्ये कामगार भरपाईचा दावा लावला. १९९३ मध्ये राज्याच्या भरपाई आयोगाने निर्णय दिला: वॉल्ड्रेप कामगार होता; आयुष्यभर आठवड्याला ७० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च द्या. ७० डॉलर. मी भाजी चिरून जवळजवळ दुप्पट मिळवत होतो. विमा कंपनी तेवढ्यावरही थांबली नाही, ती न्यायालयात गेली. जूरीने वॉल्ड्रेपविरुद्ध कौल दिला आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. शिष्यवृत्ती हा पगार नव्हता, दोन्ही बाजूंच्या मनात नोकरीचा करार नव्हता, असा युक्तिवाद मान्य झाला. ज्या मुलाच्या तालमी, आहार, उठण्याची वेळ, प्रवास सगळं प्रशिक्षक ठरवत होते, त्याच्यावर विद्यापीठाचं मालकासारखं नियंत्रण नव्हतं म्हणे.

इथे सगळ्यात मोठा आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे: हे सगळं जुनं झालं, आता ही मुलं लखपती आहेत. खरोखर बरंच बदललं. २०१४ मध्ये जॉर्जियाचा टॉड गर्ली सह्या केलेल्या वस्तूंचे दोन वर्षांत मिळून ३,००० डॉलरच्या वर घेतले म्हणून चार सामने बाहेर बसला, परतलेल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा फाटला, आणि तेव्हा बऱ्याच जणांना ती शिक्षा रास्त वाटली होती. आज ऐकायलाही विचित्र वाटतं. वेस्ट व्हर्जिनियाचा माजी रनिंग बॅक शॉन ॲल्स्टन याच्या नावाने चाललेला खटला २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० असा एनसीएएच्या विरोधात निकाली काढला. दहाच दिवसांनी खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळायचे आहेत, आणि विद्यापीठं पहिल्या वर्षी प्रत्येकी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत थेट वाटू शकतात.

याचा मला आनंद आहे. पण हा पैसा कशाचा आहे ते बघा. बाजार रनिंग बॅकला उद्याच्या धावेचे पैसे देतो. कालच्या गुडघ्याचे देत नाही. धावणं थांबलं की जाहिरात थांबते, वाटणीतला हिस्सा पुढच्या मुलाकडे जातो. शिवाय हा पैसा वर जमा होतो: नावाजलेल्याला भरपूर, राखीव फळीतल्याला चिल्लर. दुखापत मात्र नाव बघून होत नाही. सरावाच्या मैदानावर मुख्य संघासमोर रोज अंगावर घेणाऱ्या राखीव रनिंग बॅकची मान तितकीच नाजूक असते. ड्राफ्टमध्ये वर जातील असे मानले जाणारे थोडे खेळाडू अपंगत्वाचा विमा उतरवू शकतात. राखीवला कोण विमा देणार? ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांवर खेळाडूने विद्यापीठ सोडल्यानंतरही दोन वर्षं दुखापतीच्या उपचारांची जबाबदारी आली आहे. चांगलं पाऊल आहे, वॉल्ड्रेपच्या नऊ महिन्यांपेक्षा नक्कीच. पण गुडघ्याचा संधिवात ३५ व्या वर्षी येतो, बुडालेली कमाई दोन वर्षांत भरून येत नाही, आणि हे सगळं एनसीएएच्या नियमपुस्तकात आहे, कायद्यात नाही. शिष्यवृत्तीचंही तसंच: १९७३ मध्ये तिची हमी एका वर्षापुरती केली गेली आणि जवळजवळ चार दशकं तशीच राहिली. नियमपुस्तक देतं तसं काढूनही घेतं.

दुसरा आक्षेप: हे विद्यार्थी आहेत, शिक्षण मिळतंय, त्यांना कामगार म्हणणं म्हणजे विद्यापीठाचा आत्मा विकणं. हे मला सांगणाऱ्यांत माझे मराठी मित्रही आहेत, आणि त्यांचंच उदाहरण मी त्यांना देतो. आपण सगळेच इथे विद्यार्थी म्हणून आलो आणि पहिल्या महिन्यापासून विद्यापीठाचे कर्मचारी होतो. कुणी प्रयोगशाळेत, कुणी शिकवणी सहायक, कुणी माझ्यासारखा चुलीपाशी. २०१६ मध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितलं की विद्यार्थी असणं आणि कामगार असणं एकाच वेळी शक्य आहे. आपल्यावर २० तासांची मर्यादा होती, फुटबॉल खेळाडूवरही एनसीएएच्या नियमात आठवड्याला २० तासांचीच मर्यादा आहे. फरक असा की आमची मर्यादा सुपरवायझर मिनिटात मोजायची, कारण ओलांडली तर व्हिसा जायचा. त्याच्या मर्यादेत सामन्याचा अख्खा दिवस तीन तास म्हणून धरतात. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी संघटना मागितली तेव्हा कामगार मंडळाच्या प्रादेशिक संचालकांना हंगामात आठवड्याचे ४० ते ५० तास भरलेले दिसले आणि त्यांनी खेळाडूंना कामगार ठरवलं. पुढच्या वर्षी मंडळाने त्या प्रकरणात हात घालायचंच नाकारलं. खेळाडू कामगार नाहीत असंही म्हटलं नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. सगळे कामगार झाले तर किमान वेतन, कर, संघटना, बडतर्फी हे सारं येणार; पोहणं, कुस्ती, मुलींचे कित्येक संघ बंद पडतील; छोटी कॉलेजं कोलमडतील. ही भीती खोटी नाही. बऱ्याच खेळाडूंनाही कामगार व्हायचं नाही, बडतर्फ होण्याची धास्ती त्यांनाही आहे. म्हणूनच माझी मागणी लहान आहे. वेतनाचा आणि संघटनेचा वाद चालू राहू दे, त्याला लागतील तेवढी वर्षं लागू देत. दुखापत तेवढी त्यातून वेगळी काढा.

हे शक्य आहे, आणि अमेरिकेने ते दुसरीकडे केलेलंच आहे. इथल्या अनेक राज्यांत गावोगावची अग्निशमन दलं स्वयंसेवकांवर चालतात. त्यांना पगार नसतो. तरीही आग विझवताना स्वयंसेवक भाजला तर राज्याचा कायदा त्याला भरपाईपुरता कामगार मानतो. गावाने त्याला कामाला पाठवलं, काम धोक्याचं आहे, फायदा गावाचा आहे. मग धोका त्याच्या एकट्याच्या डोक्यावर राहू नये, एवढं साधं तत्त्व. पगार नाही म्हणून भरपाई नाही, हा युक्तिवाद त्या कायद्यांनी केव्हाच निकालात काढला. विधिमंडळाला एक कलम घालायचं आहे: विद्यापीठाच्या संघातून खेळताना किंवा सराव करताना झालेल्या दुखापतीपुरता खेळाडू कामगार समजला जाईल. पोहणाऱ्या मुलीचा हप्ता नगण्य येईल, कारण विमा धोक्यावर ठरतो. फुटबॉलचा मोठा येईल. यायलाच हवा. एखादं काम किती धोक्याचं आहे हे विद्यापीठाला पहिल्यांदा स्वतःच्या खर्चात दिसेल. १९ वर्षांच्या मुलाला एका सामन्यात ४० वेळा चेंडू देताना कुणीतरी त्या आकड्याकडे बघेल.

पैसे नाहीत हे तर कुणी सांगूच नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं आणि करारानुसार त्यांना साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं मान्य केलं. पुढे काम न करण्यासाठी. प्रशिक्षकाच्या करारात काम गेल्यावरची तजवीज आहे. ती त्याने मागून घेतली, आणि त्याचा हक्कच होता. ज्याच्या पायांवर प्रशिक्षकाची नोकरी उभी असते, त्याच्या कागदात तशी एक ओळ नाही.

उलट वारा दुसरीकडून वाहतोय. २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात ‘स्कोअर ॲक्ट’ नावाचं विधेयक आलं. त्यात कॉलेज खेळाडूंना कामगार मानू नये अशी देशव्यापी तरतूद आहे. विद्यापीठांचे प्रतिनिधी त्यासाठी जोर लावत आहेत. अशी तरतूद कायदा झाली, तर १९५७ मध्ये एका राज्याच्या न्यायालयाने डेनिसनच्या बायकोला सांगितलेली गोष्ट उद्या पन्नासही राज्यांत कायद्याने सांगितली जाण्याची वाट मोकळी होईल.

वॉल्ड्रेपच्या निकालात एक परिच्छेद आहे, जो वाचून मी बराच वेळ थांबलो. न्यायालयाने त्यात बजावलं आहे की हा निर्णय १९७४ च्या परिस्थितीवर दिलेला आहे. कॉलेज खेळ तेव्हापासून फार बदलले, आणि आज असंच प्रकरण आलं तर उत्तर हेच असेल का, यावर आम्ही मत देत नाही. २००० मध्ये, जाहिरातींची मुभा आणि कोट्यवधींची वाटणी यायच्या कितीतरी आधी, न्यायाधीशांनाही दिसत होतं की जमीन सरकते आहे. वॉल्ड्रेप २०२२ मध्ये गेला. ते ७० डॉलर त्याने मागितले तेव्हा रकमेसाठी मागितले नसावेत असं मला वाटतं. त्याला तो शब्द हवा होता.

इथे स्थायिक झालेले आपल्यातले कितीतरी जण आता नागरिक आहेत, मत देतात. शनिवारी नारिंगी, लाल, निळे टीशर्ट घालून स्टेडियमला जातात, मुलांना घेऊन जातात. काहींची मुलं या मैदानांवर खेळूही लागली आहेत. कामगार भरपाई हा राज्याचा विषय आहे, वॉशिंग्टनची वाट बघायची गरज नाही. राज्याच्या विधिमंडळातला तुमचा प्रतिनिधी निवडणुकीच्या आधी मंदिरात येतो, गणपतीच्या मांडवात येतो, फोटो काढतो. या वेळी त्याला थांबवून एवढं विचारा: आपल्या राज्याच्या विद्यापीठात कँटीनमध्ये बोट कापलेल्या पोराला भरपाई मिळते, मैदानावर मान मोडलेल्या पोराला का नाही, आणि ते एक कलम तुम्ही मांडाल का?